सोमवारी अकराची मीटिंग

आमच्या घरात सकाळी दोन मीटिंगा एकाच वेळी चालतात. पुढच्या खोलीत माझी, आतल्या खोलीत नवऱ्याची. नवरा पुरोहित आहे. पंचवटीत त्याच्या घराण्याकडे यजमान पिढ्यान्‌पिढ्या येत आले. आता त्या यजमानांची मुलं-नातवंडं कुठे कुठे पांगली आहेत आणि त्यांना श्राद्ध, सत्यनारायण, वास्तुशांत सगळं मोबाईलवर हवं असतं. लॉकडाऊनमध्ये त्याने आधी नाक मुरडलं, मग मुकाट्याने मोबाईलचा स्टँड मागवला. आता तो त्यात इतका मुरला आहे की, ‘फोन जरा खाली घ्या, ताम्हण दिसत नाही,’ असं समोरच्या इंजिनियरला तोच सांगतो.

माझी मीटिंग त्यामानाने अळणी. आमची कंपनी द्राक्ष निर्यातदारांची कागदपत्रं तयार करून देते. बाग कुठल्या गावची, प्लॉटची नोंदणी झाली का, फवारणी कोणती आणि कधी केली, प्रयोगशाळेचा अहवाल काय म्हणतो, हे सगळं एकमेकांशी जुळलं तरच माल परदेशी जातो. पूर्वी गंगापूर रोडला आमचं ऑफिस होतं. लॉकडाऊनमध्ये ते बंद झालं ते बंदच राहिलं. मालकांना भाडं वाचल्याचा आनंद झाला आणि मला डबा एकटीने खायची शिक्षा झाली. मी टीमची प्रमुख, म्हणजे वरून ओरडा खाणारी आणि खाली ओरडणारी. दुसरं काम मला जास्त चांगलं जमतं असं नवरा म्हणतो.

माझ्या हाताखाली तिघं. एक पिंपळगाव बसवंतला, त्याला सगळे भाऊ म्हणतात. तो दिवसभर पॅकहाऊसमध्ये उभा असतो आणि मीटिंगला तिथूनच हजर होतो, त्यामुळे त्याच्या मागे क्रेट आपटत असतात, टेम्पो रिव्हर्स येत असतात. दुसरा येवल्याचा तरुण. त्याच्या घरी पैठणीचा हातमाग आहे आणि वडील माझ्यापेक्षा कमी बोलतात, एवढीच मला त्यांची माहिती. तिसरी मालेगावची. पुण्याला बसतात ते आमचे साहेब.

मालेगावची मुलगी आली ती साहेबांच्या हट्टाने, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे साहेब खलनायक वाटतील. लग्न झालेली, लहान लेकरू असलेली, बी.एस्सी. होऊन घरी बसलेली. शहर सोडून नोकरी करणं तिला शक्य नव्हतं. साहेब म्हणाले, ‘काम घरूनच करायचंय ना, मग मालेगाव काय आणि पुणे काय!’ वर्षाच्या करारावर तिला घेतलं. करार डिसेंबरला संपणार आणि काम पटलं तर पुढे चालू राहणार.

काम पटणार यात मला शंका नव्हती. तेव्हा आमची आठवड्याची मीटिंग शुक्रवारी दुपारी असायची. ती यायची ती हसतच. मराठी बोलताना मध्येच हिंदीत घसरायची आणि परत वर यायची. भाऊंना एकदा तिने सरळ विचारलं, ‘भाऊ, तुम्ही प्लॉटचा नंबर डोळे मिटून टाकता का?’ भाऊंनी आमच्या वरच्या लोकांचंही कधी इतकं मनावर घेतलं नव्हतं. तिचं लेकरू मध्येच मांडीवर यायचं, स्क्रीनला हात लावायचं, आणि आम्ही सगळे ‘ए पिल्लू’ करत बसायचो. मला ऑफिस परत मिळाल्यासारखं वाटायचं. खरं सांगायचं तर त्या शुक्रवारची मी वाट बघायचे.

मग साहेब कसल्याशा शिबिराला गेले. लांब बसलेल्या लोकांची मीटिंग कशी घ्यावी, या विषयावर तीन दिवसांचं होतं. तिथून ते नियम घेऊन आले. कॅमेरा चालू. बोलत नसाल तेव्हा माईक बंद. प्रत्येकाने आळीपाळीने बोलायचं. आणि शुक्रवारची मीटिंग म्हणजे थकलेल्या लोकांची मीटिंग, तेव्हा इथून पुढे सोमवारी सकाळी अकरा, ताज्या मनाने. त्यांनी ग्रुपवर विचारलं, ‘सोमवार सर्वांना चालेल?’

आमच्याकडे अशा प्रश्नाला एकच उत्तर असतं, अंगठा. साहेबांनी चारचौघांत विचारलं की अंगठा द्यायचा. चालत नसेल त्याने नंतर एकट्याने फोन करायचा, आणि तो फोन कोणी करत नाही. भाऊंनी अंगठा दिला, येवल्याने दिला, मी दिला. मालेगावच्या मुलीने सगळ्यात शेवटी दिला. साहेब खूष झाले.

पहिल्या सोमवारी तिची पाळी आली तेव्हा कुठून तरी भयंकर खडखडाट ऐकू आला. साहेब म्हणाले, ‘कोणाकडे मिक्सर चालू आहे? माईक बंद करा बरं.’ सगळे हसले. भाऊ सवयीने ‘सॉरी सर’ म्हणाले, कारण कुठलाही आवाज आला की बोलणी त्यांनाच बसतात. खडखडाट बंद झाला. मालेगावच्या मुलीने चॅटवर लिहिलं, ‘नेट प्रॉब्लेम, रिपोर्ट इथे टाकते.’ आणि टाकला, नेहमीसारखा चोख.

त्यानंतर ती सोमवारी बोललीच नाही. दर वेळी नेट प्रॉब्लेम, दर वेळी चॅट. पुढे कॅमेराही बंद झाला. गंमत अशी की येवल्याच्या हातमागाचा ठोका मागे वाजायचा तेव्हा साहेब म्हणायचे, ‘राहू दे, राहू दे, पैठणीचा आवाज आहे तो! माईक चालू ठेव.’ एकदा तर त्यांनी दुबईच्या पाहुण्यांना तो मुद्दाम ऐकवला.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. मी तिला फोन करायचे तेव्हा ती उचलायची नाही, लगेच मेसेज यायचा, ‘मॅडम, लिहून सांगा ना प्लीज.’ मला राग येई. मला माणसाचा आवाज लागतो. अक्षरं वाचून मला कळत नाही की समोरचं माणूस जेवलंय की रडलंय. आणि ही पोरगी, जी भाऊंची फिरकी घ्यायची, ती आता फक्त ‘ओके मॅडम’ एवढी उरली होती. मी मनात म्हटलं, शेफारली असेल. दुसरी नोकरी बघत असेल. जाऊ दे.

डिसेंबर संपत आला. नाशिकला थंडी पडली, सीझनपूर्व नोंदण्यांची घाई सुरू झाली आणि साहेबांचा फोन आला. म्हणाले, ‘मालेगावचा करार संपतोय. मला वाटतं, थांबवू या.’

‘काम तर चांगलं आहे तिचं,’ मी म्हणाले.

‘काम लिहिण्यात चांगलं आहे. पण पुढच्या वर्षी निर्यातदारांशी थेट बोलावं लागणार आहे सगळ्यांना. जी टीममध्ये तोंड उघडत नाही, ती ग्राहकाशी काय बोलणार? कॅमेरासुद्धा लावत नाहीत त्या. मन नाही हो त्यांचं.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘शेवटच्या सोमवारी सगळ्यांचा वर्षाचा आढावा आहे. प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने सांगायचा. बोलल्या तर बघू.’

फोन ठेवला आणि मी घरात आदळआपट सुरू केली. राग साहेबांचा की तिचा, ते माझं मलाच ठरत नव्हतं. नवरा नुकताच एका यजमानाकडचं श्राद्ध आटोपून सोवळं बदलून बसला होता. मी त्याच्यासमोर सगळं ओकले. वर म्हटलं, ‘बोलायचं नसेल तर नको बोलू दे! मी किती जणांच्या मागे पळू?’

तो चहा पीत म्हणाला, ‘मी संकल्प सांगतो आणि म्हणतो, मम म्हणा. तिकडून मम आलं नाही तर मी पुढे जात नाही.’

‘मग काय करतोस?’

‘विचारतो. कधी नेट गेलेलं असतं. कधी पोर रडत असतं. एकदा यजमान रडत होता. मम म्हणायला आवाजच फुटेना त्याच्या तोंडून.’ त्याने कप खाली ठेवला. ‘तू विचारलंस का तिला?’

मी विचारलं होतं. रागावून, मेसेजवर. ते विचारणं नव्हे, हे त्याने बोलून दाखवलं नाही, एवढा तो शहाणा आहे.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मी एसटीने मालेगावला निघाले. तिला आदल्या दिवशी कळवलं, ‘येतेय. चहाला.’ तिचं उत्तर आलं, ‘वेलकम मॅडम’ आणि तीन फुलं. ओझरच्या पुढे बागा दिसू लागल्या, घड अजून हिरवे, काही ठिकाणी कागद लावायचं काम चाललेलं. चांदवडच्या घाटात मला झोप लागली. मालेगावला उतरून रिक्षा केली, पत्ता दाखवला, रिक्षावाला म्हणाला, ‘लूमवाला एरिया है, मॅडम.’ मी म्हटलं, असेल.

गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि मला सगळं कळलं. सांगायला कोणी लागलंच नाही.

दोन्ही बाजूंना घरं, आणि प्रत्येक घराच्या तळमजल्यावर यंत्रमाग. दारं उघडी, आत धोटे इकडून तिकडे धावताहेत, आणि तो खडखडाट असा की रिक्षावाल्याने भाडं बोटांवर सांगितलं. तिचं घर मध्यावर होतं. ती दारात उभी राहिली होती, डोक्यावर ओढणी, चेहऱ्यावर तेच शुक्रवारचं हसू. ती काहीतरी म्हणाली. मला ओठ हलताना दिसले. मी म्हटलं, ‘काय?’ ते तिलाही ऐकू गेलं नसणार. तिने माझा हात धरला आणि वर नेलं.

वरच्या खोलीत आवाज जरा कमी होता, पण जमीन थरथरत होती. तिच्या सासूने पाणी आणून दिलं, आणि पेल्यातल्या पाण्यावर बारीक बारीक लाटा उठत होत्या. खिडकीशी एक टेबल, त्यावर लॅपटॉप. लॅपटॉपचा पडदाही थरथरत होता. कॅमेरा का बंद असतो तेही मला उमगलं. घरातली माणसं मात्र मजेत होती. सासूने खुणेने विचारलं, साखर किती? तिने खुणेनेच सांगितलं. लेकरू या सगळ्यात गाढ झोपलेलं होतं.

आम्ही गच्चीवर गेलो. तिथेही कानाशी तोंड नेऊनच बोलावं लागत होतं.

‘मग शुक्रवारी कसं बोलायचीस?’ मी विचारलं.

‘जुम्मा ना मॅडम. शुक्रवारी सगळे लूम बंद. पूर्ण मालेगाव बंद असतं.’

इतकं साधं होतं ते. नाशिक जिल्ह्यात जन्म काढलेल्या मला ते ठाऊक असायला हवं होतं, ठाऊक होतंही, पण मीटिंगशी ते कोणी जोडलंच नाही. ताज्या मनाचा सोमवार शोधून काढताना आम्ही तिचा आठवड्यातला बोलण्याचा एकुलता एक दिवस काढून घेतला होता, आणि तिने त्यावर अंगठा दिला होता.

‘अगं, मग लाईट जाते तेव्हा?’

ती हसली. ‘लाईट गेली की लूम थांबतात आणि राऊटर पण थांबतो. मोबाईलचं नेट आमच्या गल्लीत रांगतं.’

‘दुसरीकडे कुठे बसता येणार नाही?’

‘अम्मीकडे? तिथे पण लूम. नणंदेकडे? तिथे पण लूम.’ तिने हाताने सगळी छतं दाखवली. ‘मॅडम, कुठे जाणार?’

मला आता खरंच राग आला, आणि या वेळी तो कोणाचा हे मला माहीत होतं. तो आमच्या अंगठ्यांचा होता. मी म्हटलं, ‘हे तू सांगितलं का नाहीस? मी आत्ता साहेबांना फोन लावते.’

तिने माझा हात घट्ट धरला. ‘नको मॅडम. प्लीज. सर म्हणतील, शांत जागा नाही तर ही नोकरी कशी जमेल? आणि खाली अब्बा आहेत.’ अब्बा म्हणजे तिचे सासरे. ‘त्यांनीच मला अर्ज करायला सांगितला होता. घरात पहिली मी आहे, जिला महिन्याचा पगार येतो. त्यांना कळलं की त्यांच्या लूममुळे सुनेची नोकरी जाणार, तर ते काय करतील? या आवाजावर आम्ही सगळे मोठे झालो. त्याची तक्रार मी कशी करू?’

मी कबूल केलं, की कारण कोणाला सांगणार नाही. चहा झाला, समोसे झाले. निघताना अब्बा खाली भेटले. पांढरी दाढी, बनियनवर कापसाचे तंतू. त्यांनी माझ्यासाठी एक माग बंद केला, म्हणजे बाकीच्यांचा आवाज तेवढाच राहिला, पण मान राखला गेला. कानाशी वाकून ओरडले, ‘बहू अच्छा काम करती है ना, मॅडम?’

मी ओरडले, ‘बहुत अच्छा!’

ते इतके आनंदाने हसले की मला रिक्षात बसेपर्यंत मागे बघवलं नाही.

नाशिकला परतून मी साहेबांना म्हटलं, आढावा शुक्रवारी ठेवा. ते म्हणाले, शुक्रवारी मालक बाहेरगावी आहेत. मी म्हटलं, तिच्याकडे जरा आवाज असतो. एवढंच म्हटलं. साहेब लगेच म्हणाले, ‘मग आधी सांगायचं ना! आवाज गाळणारा हेडसेट मिळतो. कंपनीच्या खर्चाने पाठवतो.’ आणि खरंच पाठवला, कुरिअरने, दोन दिवसांत. वाईट माणूस नाहीच तो. त्यांना आवाज म्हणजे शेजारचा मिक्सर वाटत होता.

शनिवारी आम्ही दोघींनी तो हेडसेट लावून बघितला. त्याने मागाचा आवाज गाळला आणि त्याबरोबर तिचाही गाळला. ‘मी या वर्—’ मग शांतता. ‘—दणीचे एकूण—’ मग शांतता. तिने टेबलाची जागा बदलली, मग न्हाणीघरात गेली, मग मला म्हणाली, थांबा. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, दबलेला, पण सलग. मी विचारलं, ‘कुठे आहेस?’

‘रजईत. दोन घेतल्यात अंगावर. येतंय का ऐकू?’

‘येतंय, पण तू गुदमरशील.’

‘दहा मिनिटं जमेल, मॅडम.’ आणि तिने रजईतून तिचा आढावा म्हणायला सुरुवात केली. मी इकडे हसू की रडू अशा अवस्थेत ऐकत होते. मध्येच अब्बांचा आवाज आला, अगदी जवळून, ‘बेटा? ये क्या कर रही हो?’ आणि फोन कट झाला.

मी परत लावला नाही. रविवारीही तिचा मेसेज आला नाही.

सोमवारी अकराला सगळे जमले. मालक पण होते, त्यामुळे भाऊ चक्क शर्ट इस्त्री करून टेम्पोच्या केबिनमध्ये काच लावून बसले होते. येवल्याने वडिलांना हातमाग चालू ठेवायला सांगितलं होतं की काय कोण जाणे, ठोका छान वाजत होता. मी बोलले, येवला बोलला, भाऊ बोलले. मालेगावचा चौकोन काळाच होता. नवऱ्याची आतली पूजा संपली होती आणि तो दाराशी येऊन उभा राहिला होता, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा.

साहेब म्हणाले, ‘मालेगाव?’

काळा चौकोन उजळला. ती दिसली. चित्र अगदी स्थिर होतं. मागे खिडकी, खिडकीत ऊन. कानाला हेडसेट नव्हता.

‘नमस्कार सर. नमस्कार सगळ्यांना,’ ती म्हणाली, आणि तो आवाज इतका स्वच्छ आला की मी मोबाईलचा आवाज कमी केला. ती वर्षाच्या कामाबद्दल बोलू लागली. शब्द सावकाश, जपून. मला तिचं बोलणं धड कळत नव्हतं, कारण मी मागचं ऐकत होते. मागे काहीच नव्हतं. कुठेतरी लांब, दुसऱ्या गल्लीत असेल, बारीक घरघर. तिचं नेट चालू होतं, म्हणजे लाईट होती. आणि शुक्रवार नव्हता.

साहेबांनी तिला मध्येच थांबवलं. चेहरा खुलला होता. ‘वा! हेडसेट कामी आला म्हणायचा. बघा, आवाज किती क्लिअर!’

तिने एकदा मागे खिडकीकडे पाहिलं. मी माईक चालू करायला बोट पुढे नेलं. मी शब्द दिला होता, पण त्या वेळी मी तो मोडलाच असता. तिने मला ती संधी दिली नाही.

‘हेडसेट नाही, सर,’ ती म्हणाली. ‘खाली आमचे लूम आहेत. रोज चालू असतात, म्हणून मला सोमवारी बोलता येत नाही. आज अब्बांनी बंद ठेवलेत. समोरच्यांच्या घरी जाऊन त्यांनाही सांगितलं. पूर्ण गल्लीचे बंद आहेत.’

‘का?’ साहेबांना खरंच कळलं नव्हतं.

‘माझी मीटिंग आहे म्हणून.’

भाऊंनी मान खाली घातली. येवल्याचा ठोका थांबला. कोणी थांबवला ते दिसलं नाही. मालेगावात चालू दिवशी माग बंद म्हणजे गल्लीची दिवसाची कमाई बुडाली, हे माहीत नसलेला माणूस त्या मीटिंगमध्ये एकटे साहेबच होते, आणि आमचे चेहरे बघून त्यांनाही ते कळत गेलं. शिबिरात याच्यासाठी नियम दिलेला नसावा. ते चष्मा काढून पुसत बसले. चौकोनातल्या चौकोनात माणूस किती अवघडतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

शेवटी मालकच म्हणाले, ‘अहो, करार पुढे चालू. त्यात काय विचारायचं!’

साहेबांनी घाईघाईने मान हलवली. ‘हो, हो, अर्थात. आणि मीटिंग पुन्हा शुक्रवारी घेऊ. झालं तर मग. ताई, तुमच्या सासऱ्यांना म्हणावं, आमच्यासाठी खोळंबू नका. माग सुरू करा. बाकीचं तुम्ही चॅटवर टाकलंत तरी चालेल.’

मला हायसं वाटलं. डोळे भरून आले, ते मी चष्म्याआड लपवले. नवऱ्याने दारातून अंगठा दाखवला. मला वाटलं, आता ती थँक यू सर म्हणेल आणि चौकोन काळा होईल.

ती कॅमेऱ्याकडे सरळ बघत होती.

‘सर,’ ती म्हणाली, ‘माझं बोलणं अजून संपलं नाही.’

साहेबांनी स्वतःचा माईक बंद केला.